गावाकडच्या जेवणाचा मेळावा घ्यायचाय, पण 'फूड फेस्टिवल' होऊ द्यायचा नाही, कसं करावं?

बजाजनगरकर

नमस्कार. आम्ही नागपुरातली काही घरं मिळून दरवर्षी थेट शेतकऱ्यांकडून माल आणतो, तांदूळ, तूरडाळ, जवस, तिखट, हळद वगैरे. संस्था नाही काही, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सीझनला गाडी सांगायची, पोती उतरवायची, कोणाच्या तरी पार्किंगमध्ये काटा लावून वाटून घ्यायचं, झालं. तर यंदा ग्रुपवर विषय निघाला की ज्यांचं खातो त्यांच्या गावी दोन दिवस सगळ्यांनी जमू, आजूबाजूच्या गावांतलेही लोक येतील, तिथलंच जेवण, बियाण्यांची देवाणघेवाण, तेलघाणा, बुरडकाम, शेणखत, मातीची घरं, पाणी, यावर बोलणं-बघणं. जागा कुही तालुक्यात एका शेतकऱ्याचं वावर. तारीख जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार.

आता घोळ असा की ग्रुपवर मेनू बनून राहिलाय आणि तो थांबतच नाहीये. रोडगे, वांग्या-आलूची भाजी, पाटवडी, गोळाभात, सांबारवडी, आंबाडी, तुरीच्या सोल्यांची आमटी, कोहळ्याचे बोंड, मोहाचे लाडू, वास्ते (बांबूचे कोंब), काटवलं (करटोली), सात्या (रानातली अळिंबी), हुरडा. वाचून तोंडाला पाणी सुटतं हे खरं, पण जानेवारीत सात्या आणि काटवलं आणायची कुठून हे कोणी सांगत नाही, आणि हे सगळं एका दिवशी एका गावात कोणी शिजवायचं हेही नाही. त्यात दुसरा एक गट म्हणतोय की स्टेज घेऊ, पाहुणे बोलवू, बैलगाडीचा सेल्फी पॉइंट ठेवू, माणशी पाचशे तिकीट लावू. २०२३ चं मिलेट वर्ष आठवतंय ना, नागपुरात गल्लोगल्ली मिलेट पिझ्झा आणि मिलेट मोमो विकले गेले आणि ज्वारी पेरणाऱ्याला कोणी विचारलं नाही, तसं काहीतरी आमच्या हातून होईल अशी मला धास्ती वाटते.

ज्यांनी असलं काही केलंय किंवा जे गावातच राहतात त्यांनी सांगा. तारीख बरोबर आहे का, स्वयंपाकाचे पैसे कसे ठरवायचे, बियाणं वाटताना काय बघायचं, आणि मुख्य म्हणजे गावाला यात काही पाहिजे आहे का की आमचीच हौस आहे?

धुऱ्यावरून

ताई, पयले तारखेचं पाहा. मी भिवापूरकडचा. जानेवारीत आमच्या इकडे कापसाचा वेचा चालू रायते, तूर सोंगाची रायते, मिरचीचा तोडा रायते, अन् मिरची सातऱ्यावर (वाळवाच्या मोकळ्या जागेत) पडली का बाया देठं खुडाले जातेत, किलोच्या हिशोबानं पैसा भेटते त्यायले. थे सोडून तुमच्या मेळाव्यात कोण येईन? येतीन त, गावात पाहुण्याले नाई म्हणत नाई कोणी, पण त्या दिवसाची रोजी पाडून येतीन अन् तुमाले सांगणार नाई. शनिवार-रविवार तुमची सुट्टी हाये, आमची नाई. ज्या दिवशी गावचा बाजार त्या दिवशी मजूर सुट्टी धरते, हप्ता घेते, बाजार करते. बाजार कोणत्या वारी हाये थे इचारा अन् त्याले लागून दिवस धरा, मंग माणसं दिसतीन.

दुसरी गोष्ट हुरड्याची. तुमी हुरडा लिहून देल्ला, पण ज्वारी पेरते कोण? माया लहानपणी पऱ्हाटीत (कापसात) तुरीचं तास रायचं, मधात ज्वारी, धुऱ्यावर आंबाडी, कुठं बरबटी, कुठं मूग. आंबाडीचा पाला भाजीले अन् सालीचा दोर वळाले, म्हणजे बैलाची दावण बी घरचीच. मंग सोयाबीन आलं. रेशनचा गहू-तांदूळ घरात आला. ज्वारी कमी झाली त कडबा कमी झाला, कडबा गेला त बैल विकले, बैल गेले त शेणखत गेलं, अन् आता कोणी म्हणते शेणखत घाला, अबे आणू कुठून? त्यात एकट्यानं पाव एकर ज्वारी पेरली त साऱ्या शिवारातले पाखरं तिच्यावरच उतरतेत, अन् रात्री डुक्कर अन् रोही (नीलगाय). आमच्या इकडे उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल लागून हाये, मचाणावर जागल करा लागते, अन् थंडीच्या दिवसात जागल म्हणजे गंमत नाई. म्हणजे तुमी हुरडा नागपुरातून विकत आणान अन् खान माया वावरात, अन् फोटो खाली लिहान 'शेतातला हुरडा'. राग नका मानू.

गावाले काय पाह्यजे हे तुमी इचारलं थे बरं केलं, कोणी इचारत नाई. मले माइकवर चार शब्द बोलाले बोलावू नका, सत्काराचं नारळ बी नको. मले मे महिन्यात सांगा का पुढच्या साली तुमच्या साऱ्या घरायले मिळून जवस किती पाह्यजे, ज्वारी किती पाह्यजे, भाव आत्ताच बोला, थोडा बयाना द्या. मी पेरतो. शेजारच्या दोघा-चौघायले बी सांगतो, मंग पाखरं बी वाटून जातीन. मेळावा घ्या, मजा करा, पण थे दोन दिवस झाले का तुमी नागपूरले जान, मले बारा महिने वावरातच राहा लागते.

तर्रीमार

सावजी मटण राहील का? नसेल तर आम्ही काय नुसती मातीची घरं पाहून वापस यायचं? हाहा.

पवनी_फाटा

वरच्या भाऊंनी गमतीत विचारलंय पण मी सीरियसली सांगतो, ह्या असल्या मेळाव्यांत सगळं शुद्ध शाकाहारी असते आणि मग त्याला 'आपलं पारंपरिक अन्न' म्हणतात. आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मालगुजारी तलाव आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, पाणी धानाला जाते आणि त्याच तलावात ढीवर लोक मासोळी धरतात, शिंगाडे काढतात. पावसाळ्यात बांधीत खेकडे भेटतात, घरी सुके झिंगे ठेवलेले असतात, पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे तुमच्या तान्ह्या पोळ्याला, अर्ध्या गावात मटण शिजते. हे सगळं काढून टाकलं तर शाश्वत जगण्यातलं अर्ध पान कोरं राहते आणि ज्यांचं ते पान आहे ते लोक तुमच्या मेळाव्यात भांडी घासायला तेवढे दिसतात. मटण ठेवाच असं नाही म्हणत, गावाला विचारा, पंगती वेगळ्या करायच्या की कसं ते गाव ठरवेल, त्यांना सवय आहे. पण तलावावर घेऊन जा लोकांना. गाळ काढला नाही तर काय होते, बेशरमचं तण माजलं की काय होते, ठेकेदारीनं मोठ्या जातीच्या मासोळ्यांचं बीज सोडल्यावर गावठी मासोळ्यांचं काय झालं, ढीवर सोसायटीचा म्हातारा माणूस तास दोन तास आरामात सांगेल, तुमच्या स्टेजवरच्या भाषणापेक्षा बरं.

आणि मला एक सांगा, नवीन मेळावा काहून पाहिजे? पूर्व विदर्भात दिवाळी झाली की मंडई लागते. भाऊबीजेपासून सुरू होते, आज ह्या गावची उद्या त्या गावची, प्रत्येक गावचा दिवस ठरलेला, लेकी-जावई, सोयरे सगळे येतात, रात्री दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) किंवा नाटक, सोयरिकीसुद्धा तिथंच जुळतात. गावानं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या तारखेनं भरवलेलं संमेलनच आहे ना ते. तुम्ही मंडईला या ना पाहुणे म्हणून, घरोघरी जेवा, हलक्या धानाचा नवीन तांदूळ तेव्हाच निघतो.

एक सावधगिरीची गोष्ट. मेनूत कोणी लाखोळी (लाखेची डाळ) टाकत असेल तर थांबा. आमच्याकडे उभ्या धानात लाखोळी फेकतात, ओलीवर येते, काही खर्च नाही, तिच्या कोवळ्या पानांची भाजी आणि डाळीचे वडे मीही खातो. पण १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती, महाराष्ट्रानं २००८ मध्ये उठवली, तरी अन्नसुरक्षेच्या केंद्रीय नियमांत तिच्यावर निर्बंध आहेतच. कारण त्या डाळीत एक विषारी द्रव्य असते आणि महिनोन्महिने पोटभर तेच खाल्लं तर पाय लुळे पडतात, दुष्काळात तसं झालेलं आहे. कमी विषाच्या नवीन जाती आल्यात, भिजवून पाणी फेकलं की प्रमाणही कमी होते, पण तुमच्या स्टॉलवरच्या पोत्यात कोणती जात आहे हे कोण सांगणार. त्याबद्दल बोला खुशाल, पंगतीत वाढू नका.

चाटूवाली

मी बचत गटाकडून जेवणाच्या ऑर्डरी घेते, उमरेड रोडला. मंडईची आयडिया ऐकायला छान आहे दादा पण घरातल्या बाईला विचारून सांगितली का? मंडईच्या दिवशी आधीच घरात सोयरेधायरे मावत नाहीत, पहाटेपासून चूल पेटलेली असते, त्यात नागपूरहून आणखी पन्नास जण 'घरोघरी जेवायला' आले तर आम्ही हसून वाढू आणि रात्री दंडार सुरू झाली तरी भांड्यातच असू. बाकी गाववाल्यांना विचारा म्हणता तेव्हा गावातल्या बाया पण धरा त्यात.

बजाजनगरकर ताई, मेनूचं सांगते. अर्धी यादी पावसाळ्याची आहे, फाडून टाका. वास्ते, काटवलं, सात्या, तरोटा, केना, धोप्याच्या (अळूच्या) वड्या हे सगळं जून ते सप्टेंबरचं. मोह मार्च-एप्रिलला पडतो, वाळवलेली फुलं वर्षभर राहतात म्हणून लाडू होतील. थंडीत काय असते? तुरीचे सोले, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, हरभऱ्याचा पाला, वांगी, ओली हळद, बोरं, कवठं. एवढ्यात दोन दिवस मस्त निघतात. एका जेवणाला सोल्याची आमटी, भात, जवसाची चटणी आणि भाकर, दुसऱ्याला रोडगे. बस. दहा पदार्थ केले की एकही धड होत नाही, आणि शहरातले लोक सगळ्याचं एकेक चमचा घेऊन अर्ध टाकतात.

रोडग्यांचं खास सांगते, कारण लोकांना वाटते गोळे करायचे आणि विस्तवात टाकायचे. कणीक जाडी दळून आणायची, रोजच्या पोळीच्या पिठाचे रोडगे चिवट होतात. मीठ, ओवा आणि बऱ्यापैकी मोहन घालून घट्ट मळायची. लहान लहान पाऱ्या लाटून एकीवर एक तेल लावून ठेवायच्या आणि वरून एका मोठ्या पारीत बंद करायच्या, म्हणून फोडल्यावर आत पापुद्रे सुटतात. गौऱ्यांचा जाळ पूर्ण बसू द्यायचा, नुसता इंगळ राहिला की मग मांडायचे, वरून राख ओढायची, मधून मधून पालटत राहायचे. गौऱ्या कडक वाळलेल्या पाहिजेत, ओलसर असल्या की धूर धरतात आणि रोडगा कडवट लागतो. निघाले की फडक्यात घेऊन चोळायचे, राख झाडायची, हातानं फोडून त्यात तूप सोडायचं. शंभर माणसाचं काम असेल तर गौऱ्या रचण्यापासून पहिली पंगत बसेपर्यंत तीन तास तरी धरा, म्हणजे तुमचे लोक सकाळी अकराला 'जेवण झालं का' विचारायला आले की त्यांना तलावावर पाठवा. आणि रोडगे पुरुषमंडळी करतात आमच्याकडे बरेचदा, देवळाच्या महाप्रसादाला तर हमखास, तेव्हा त्यांनाच लावा कामाला, बायांना त्या दिवशी बसून जेवू द्या.

पैशाचं. तासावर नाही, माणशी नाही, दिवसाचे ठरवा, आणि जी मजुरी ती बाई वावरात सोडून येते त्याच्या वर ठरवा. किराण्याचे पैसे आधी. आम्ही एकदा एका संस्थेचा कार्यक्रम केला, किराणा गटाच्या पैशातून भरला, पेमेंट काही महिन्यांनी आलं तेही कापून, वरून सर्टिफिकेट दिलं लॅमिनेशन करून. सर्टिफिकेट घेऊन दुकानदाराकडे जाऊ का मी?

पत्रावळी पळसाच्या पाहिजे असतील तर दिवाळीतच सांगून ठेवा. जानेवारीत पान निबर होते, पुढं तर झाड निष्पर्णच असते, तेव्हा पान आधी तोडून, दाबून, वाळवून ठेवावं लागते. ऐनवेळी सांगाल तर दुकानातून चकचकीत कागदी प्लेटा येतील, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो आणि गाई खातात त्या.

रामदासपेठ_४४००१०

सगळं खूप छान पण टॉयलेटचं काय? ग्रुपमध्ये सीनियर सिटिझन असणार.

बजाजनगरकर

अरे बापरे, इतकं सगळं. मनापासून थँक्यू, विशेषतः धुऱ्यावरून भाऊ आणि चाटूवाली ताई.

तर्रीमार, सावजीचं गावावर सोडतेय, पवनी फाटा दादांचं म्हणणं मला पटलं. आमच्या ग्रुपवर मी तो मेसेज टाकला तर दोन जणांनी लगेच 'मग आम्ही येणार नाही' असं लिहिलं, म्हणजे मुद्दा बरोबर जागी लागला.

टॉयलेटचं, गावात शाळेचं आहे आणि चार-पाच घरांनी वापरायला देऊ म्हटलंय, त्यांना पाणी आणि साफसफाईचे पैसे देणार. तिथं फिरतं टॉयलेट आणायचा खर्च विचारला तर सगळ्या जेवणाच्या बजेटएवढा होतोय.

आता माझे दोन प्रश्न राहिलेत. एक, गावातल्या बायांनी तिखट, हळद, जवसाची चटणी, लाडू पॅकेट करून विकायला ठेवले तर काही कागद लागतात का? आमच्यातले एक काका म्हणतात 'ऑरगॅनिक' लिहिलं तर छापा पडेल. दोन, ह्या बोलण्या-बघण्याच्या भागात नेमकं काय ठेवावं, कारण 'शाश्वत ग्रामीण जीवन' असं लिहिलं की पुढं काय बोलायचं तेच कोणाला समजत नाही, प्रत्येक जण आजीच्या आठवणी सांगायला लागतो.

कागदवाला

छापा वगैरे काही नाही, पण नियम आहे. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान विक्रेत्याला परवाना नाही, नुसती नोंदणी, ऑनलाइन होते, फी अगदी थोडी. आधार, फोटो, पत्ता, एवढंच. एजंटला हजार देऊ नका. बचत गटाच्या नावावर करा, दरवर्षी कामाला येईल. पॅकेटवर काय आहे, वजन, कधी बनवलं, कधीपर्यंत खायचं, कोणी बनवलं आणि नोंदणी नंबर एवढं लिहा.

'ऑरगॅनिक'चं असं की लहान शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त तो 'जैविक भारत'चा लोगो लावू शकत नाही. तोच माल तुम्ही घेऊन दुसऱ्याला विकला की तुम्ही व्यापारी झाले, मग सूट संपली. पुढं जायचं असेल तर पीजीएस आहे, शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी द्यायची पद्धत, त्यात कमीत कमी पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि एकमेकांची शेतं तेच तपासतात, बाहेरच्या कंपनीच्या तपासणीएवढा खर्च येत नाही. माझ्या मते मेळाव्यात तो शब्दच लिहू नका. 'अमक्या वावरातलं, ह्यावर अमुक फवारलं, अमुक फवारलं नाही' असं पाटीवर लिहा.

मोहाचं म्हणाल तर २०२१ मध्ये राज्यानं फुलं गोळा करणं, ठेवणं, वाहतूक करणं यावरचे निर्बंध काढले, लाडूला काही अडचण नाही. दारू हा वेगळा विषय, ग्रुपवर कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो, नाही.

सेवाग्राम_पॅसेंजर

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी वर्धेचा, आता नागपूरला नोकरीला. आमच्या वर्धेत मगनवाडीला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत, घाणी, हातकागद, मधमाशा, हातसडीचा तांदूळ, चुलीचे प्रयोग, सगळं तिथं करून बघायचे आणि खर्चाचा हिशोब मांडायचे. तिथलं मगन संग्रहालय १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलं, अजून आहे, जाऊन या. मला त्यातलं आवडते ते हे की भाषण कमी, हिशोब जास्त. घाणीतून तेल किती निघते, पेंड किती, बैलाला किती, माणसाला दिवसाला काय पडते.

तर तुमच्या मेळाव्यात तोच करा हिशोब. एक शेतकरी घ्या, एक एकर घ्या, आणि फळ्यावर खडूनं मांडा. बियाणं, मजुरी, फवारणी, राखण, कापणी, गाडीभाडं, आडत आणि शेवटी हातात काय. त्याच्या बाजूला नागपूरच्या दुकानात तीच वस्तू कितीला मिळते ते लिहा. आजीच्या आठवणी आपोआप बंद होतात. नंतर घाणा चालवून दाखवा, जवसाचं किंवा फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल लोकांसमोर निघू द्या, पेंड कोण घेते आणि कितीला घेते तेही विचारा. शहरातले लोक घाण्याचं तेल महाग म्हणतात कारण किती दाण्यांतून किती तेल निघते हे त्यांनी कधी पाहिलेलं नसते.

आणि तुमच्या घरातल्या तांदळाचं बघा. नागपुरात जवळजवळ प्रत्येक घरी एचएमटी शिजतो. तो नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरून तयार केला, शाळा तिसरीपर्यंत, जमीन थोडीशी. नाव घड्याळाच्या कंपनीवरून पडलं. २०१८ मध्ये ते गेले, शेवटची वर्षं हलाखीत गेली. त्यांच्या तांदळावर गिरण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी किती कमावलं असेल विचार करा. बियाण्याच्या गप्पांना सुरुवात करायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही. आपल्या भागात वायगावची हळद आहे, भिवापुरी मिरची आहे, भंडाऱ्याचा चिन्नोर आहे, सगळ्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण ते पेरणाऱ्याला विचारा की जीआय आल्यावर भाव किती वाढला. तेवढा एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसून ऐकायचं.

नागपुरात बीजोत्सव होतो तिथं येणाऱ्या शेतकऱ्यांनाही विचारा, त्यांना बियाणं मांडायचा, लेबल लावायचा सराव आहे.

पवनी_फाटा

चाटूवाली ताई, बरोबर पकडलं तुम्ही मला. घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली 'लाइक कर त्या बाईले'. मंडईला जेवायचं कॅन्सल, नुसती दंडार पाहायला या, थंडीची चादर घेऊन या, पहाटेपर्यंत चालते.

बजाजनगरकर

ग्रुपची मीटिंग झाली काल, बरीच वादावादी होऊन. जे ठरलं ते लिहिते, कुठं चुकत असेल तर सांगा.

स्टेज, पाहुणे, तिकीट, सेल्फी पॉइंट रद्द. दोन दिवसांचा एकच दिवस केला, रात्र राहणं काढलं, कारण जंगलाच्या कडेला पन्नास-साठ शहरी लोक रात्री टॉर्च घेऊन फिरणार आणि गावानं त्यांची राखण करायची, हे बरोबर नाही. तारीख जानेवारीतून काढून फेब्रुवारीच्या शेवटी, गावच्या बाजाराच्या दिवशी. सकाळी आम्ही आधी बाजारातच जायचं, तिथंच भाजी घ्यायची. सोले तोपर्यंत संपलेले असतील असं शेतकरी दादा म्हणाले, मग सोल्याची आमटी गेली मेनूतून, मला खूप वाईट वाटतंय. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, जवसाची चटणी, आणि ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी ढीवर सोसायटीकडून मासोळी, तिची चूल वेगळी. दुपारी फळ्यावर तुरीचा आणि मिरचीचा हिशोब. मग घाणा.

आणि मुख्य म्हणजे भाऊंनी सांगितलं तसं मेळाव्यातच वर्षाची मागणी लिहून घ्यायची, प्रत्येक घरानं जवस किती, ज्वारी किती, तिखट किती, आणि किमतीचा पाव हिस्सा बयाना तिथल्या तिथं. ह्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. एका ताईंचं म्हणणं, पीकच आलं नाही तर बयान्याचं काय. आमच्याकडे ह्याचं उत्तर नाही. धुऱ्यावरून भाऊ, तुम्हीच सांगा. बियाणं वाटायचं आहे त्याबद्दलही सांगा, लोक घरून बाटल्या भरभरून आणतो म्हणताहेत.

धुऱ्यावरून

ताई, पीक आलं नाई त बयाना पुढच्या सालच्या मालात धरा, नाई त त्या सालचं जे असन थे घ्या, ज्वारी गेली त तूर घ्या. पण हे बोलणं आधीच करा, चार माणसायसमोर, कागदावर. अन् अर्ध नुकसान तुमी धरा म्हणतो मी. व्यापारी बी काई धरत नाई, मंग तुमच्यात अन् त्याच्यात फरक काय रायला? पयल्या साली मी ज्वारी एकटा नाई पेरणार, तिघं तयार झाले हायेत, वावरं एकमेकाले लागून हायेत, म्हणजे जागल पाळीपाळीनं होते. तुमच्या ग्रुपात कोणी झटका मशीनचा (कुंपणात करंट सोडते थे) खर्च वाटून घेत असन त इचारा, सोलरवाली.

बियाण्याचं. बाजारातल्या पुडीतलं गुलाबी-निळं औषध लावलेलं बियाणं आणू नका, लेकरं तोंडात घालतेत. हायब्रीडचं घरी धरलेलं बी नको, थे पुढच्या साली काईचं काई निघते. घरचंच, गावठीच आणा, अन् कागदाच्या पुडीत आणा, बाटलीत ओल धरते. पुडीवर तीन गोष्टी लिहा, काय हाये, कोणत्या गावचं हाये, कोणत्या साली धरलं. वांग्याचं, भेदऱ्याचं (टमाट्याचं) बी दोन-तीन साल चालते, कांद्याचं एक साल झालं का उगवत नाई म्हणून जुनं आणूच नका. अन् फुकट वाटू नका, फुकटचं बी कोणी पेरत नाई, खिशातच रायते. पसाभर नेलं त पुढच्या साली दोन पसे वापस द्याचे, वहीत नाव लिहून ठेवा, वही गावातच राहू द्या, बचत गटाच्या बायायकडे.

गाड्या तिकडून कुहीच्या बाजूनं आणा, मोठी बस असन त आधी फोन करून द्या, बाजाराच्या दिवशी चौकात बैलगाड्या अन् टेम्पो लागून रायतेत, फसान.